देवमाशाच्या गावी मुक्काम

प्रस्तावना

प्रवासाला जायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न तिकिटाचा निघतो आणि दुसरा राहण्याचा. तीर्थक्षेत्र असो वा थंड हवेचे ठिकाण, ते आपल्या जागी असतेच. आपण केव्हाही गेलो तरी देऊळ आणि डोंगर भेटतात. परंतु जे पाहायला जायचे तेच जर फिरते असेल, तर? पाण्याखाली राहणारा, आपल्या मर्जीने वर येणारा प्राणी पाहण्यासाठी घर सोडायचे असेल, तर नियोजनाचा क्रमच बदलावा लागतो. प्रस्तुत पाठात श्रीलंकेतील मिरिस्सा या गावी साध्या लॉजमध्ये राहून देवमासा पाहण्याचा बेत एका कुटुंबाने कसा आखला, ते आपण वाचणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर ऋतू, खर्च आणि सोबतची माणसे यांचा मेळ घालून तुम्हांला प्रवासाची आखणी करता येईल, चौकशीचे पत्र नेमकेपणाने लिहिता येईल, तसेच जाहिरातीची भाषा आणि माहितीची भाषा यांतील फरक ओळखता येईल.

मूळ पाठ

मिरिस्सा हे श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील, मातारा जिल्ह्यातील गाव. नारळाची झाडे, अर्धवर्तुळाकार वाळूचा किनारा आणि गावाच्या एका टोकाला मासेमारीचे बंदर. 26 डिसेंबर 2004 रोजी आलेल्या त्सुनामीने हा सारा किनारा उद्ध्वस्त केला. त्यानंतरच्या काही वर्षांत येथे एका नव्या व्यवसायाने मूळ धरले. मासे धरायला समुद्रात जाणाऱ्यांना देवमासे नवे नव्हते; ते पाहण्यासाठी लोक पैसे मोजतील, ही गोष्ट मात्र नवी होती. आज पहाटे या बंदरातून मासेमारीच्या होड्यांबरोबर पर्यटकांच्या बोटीही निघतात. पुढे 2019 मधील बॉम्बस्फोट, 2020 ची महासाथ आणि 2022 चे आर्थिक अरिष्ट अशा तीन आपत्ती ओळीने आल्या. पाहुणे येईनासे झाले की येथील किती चुली थंडावतात, हे गावाने त्या काळात अनुभवले.

देवमासे याच गावाजवळ का दिसतात, याचे कारण समुद्राच्या तळाशी आहे. किनाऱ्यालगतचा समुद्र सर्वसाधारणपणे उथळ असतो. या उथळ भागाला भूगोलात 'समुद्रबूड जमीन' म्हणतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः मुंबईपुढे, ती फार दूरवर पसरली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस मात्र ती अगदी अरुंद आहे. बोट थोडे अंतर कापते तोच खालचा तळ एकदम खोल जातो. अशा पाण्यात निळ्या देवमाशाला भरपूर अन्न मिळते. त्याचे अन्न म्हणजे कोळंबीसारखे अगदी बारीक जीव. पृथ्वीवर आजवर झालेला सर्वांत मोठा प्राणी या चिमुकल्या जिवांवर जगतो!

येथील निळा देवमासा सुमारे 25 मीटरपर्यंत लांब भरतो. दोन मोठ्या बसगाड्या एकीपुढे एक उभ्या केल्या, की या लांबीचा अंदाज येतो. जगातील इतर अनेक निळे देवमासे चरण्यासाठी ध्रुवाकडील थंड समुद्रात जातात आणि पिलांसाठी उबदार पाण्यात येतात. श्रीलंकेभोवतालचे देवमासे असा लांबचा प्रवास करीत नाहीत. ते हिंदी महासागराच्या उबदार पाण्यातच राहतात आणि तेथेच चरतात. ही गोष्ट अभ्यासकांपुढे ठळकपणे मांडली ती आशा डी व्होस या श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ स्त्रीने. 2003 मध्ये त्यांनी देवमाशांच्या एका समूहाजवळ पाण्यावर तरंगणारी लालसर विष्ठा पाहिली. ज्याअर्थी विष्ठा आहे, त्याअर्थी हे प्राणी येथेच खात आहेत, असे अनुमान त्यांनी बांधले. इतक्या साध्या निरीक्षणातून त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाला दिशा मिळाली.

'देवमासा' या मराठी शब्दातील 'मासा' शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. देवमासा सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याची मादी पिलाला दूध पाजते. श्वास घेण्यासाठी त्याला पाण्याच्या पृष्ठभागावर यावेच लागते आणि म्हणूनच तो माणसाला दिसतो. श्रीलंकेतील सिंहली भाषेत त्याला 'तल्मसा' म्हणतात. मराठी कानाला त्यातही 'मासा' ऐकू येतो. सिंहली ही मराठीप्रमाणेच आर्य भाषाकुलातील आहे. मिरिस्साशेजारच्या 'वेलिगम' या गावाच्या नावात 'वेलि' म्हणजे वाळू आणि 'गम' म्हणजे गाव. मिरिस्साच्या पूर्वेस श्रीलंकेचे दक्षिण टोक आहे. त्याचे नाव 'देविनुवर', म्हणजे देवांचे नगर. इंग्रजीच्या वळणाने त्याचे 'दोंद्रा' झाले. परक्या देशाच्या नकाशावर अशी ओळखीची अक्षरे भेटली की अंतर थोडे कमी वाटू लागते.

आता ज्यांच्या बेताविषयी हा पाठ आहे, ते कुटुंब कल्पू या. बडोद्यात स्थायिक झालेले एक मराठी घर. घरातील गृहस्थ एका कारखान्यात हिशेबनीस आहेत. त्यांच्या पत्नी घरी शिवणकाम करतात आणि मुक्त विद्यालयातून बारावीची तयारी करीत आहेत. मुलगा नववीत. चौथ्या व्यक्ती म्हणजे आजी, वय वर्षे एकोणसत्तर, गुडघे दुखरे, पण उत्साह दांडगा.

बाईंचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत अडकले होते. गावकरी, वनखाते आणि इतर अनेकांनी त्याला जगवण्यासाठी धडपड केली, ओल्या कापडांनी त्याचे अंग भिजवत ठेवले. अखेर ते खोल समुद्रात नेण्यात यश आले. परंतु ते वाचले नाही. ती बातमी या घरात सर्वांनी दूरदर्शनसंचावर पाहिली होती. कोकणातील माणसाला देवमासा भेटतो तो बहुधा असाच, किनाऱ्याला लागलेला, मरणाच्या दारातला. "एकदा जिवंत, पोहताना पाहायचाय," असे बाई तेव्हा म्हणाल्या आणि त्या महिन्यापासून भिशीचे पैसे वेगळे ठेवू लागल्या. तीन वर्षांची ती पुंजी एका प्रवासात खर्च होणार होती, म्हणून चूक परवडणारी नव्हती.

पहिला बेत मे महिन्याचा झाला. मुलाला सुट्टी, कारखान्यातही रजा मिळण्याजोगी. गृहस्थांनी विमानाचे दर पाहिले तेव्हा मे महिन्यात राहण्याच्या जागाही स्वस्त दिसल्या. "अगं, निम्म्या दरात खोल्या आहेत," ते आनंदाने म्हणाले. बाईंनी विचारले, "अहो, पण निम्म्या दरात का देतायत?"

या एका प्रश्नाने सारा बेत वाचवला, असे म्हणायला हरकत नाही. मे महिन्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे दक्षिण किनाऱ्यावर आदळतात, समुद्र खवळतो, देवमासे पाहायला जाण्याजोगे पाणी राहत नाही. मिरिस्साचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. मे ते ऑगस्ट या काळात देवमासे पाहायचे असतील, तर बेटाच्या दुसऱ्या बाजूला, पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीला जावे लागते. स्वस्त खोली घेऊन खवळलेल्या समुद्राकडे पाहत बसणे हा खरे तर सर्वांत महाग प्रवास ठरला असता.

मग दिनदर्शिका काढून सगळे बसले. नोव्हेंबरात दिवाळी, शिवाय हंगामाची नुकती सुरुवात आणि पावसाची शक्यता. डिसेंबरच्या अखेरीस जगभरचे पर्यटक लोटतात, खोल्यांचे दर चढतात. मार्चमध्ये मुलाची वार्षिक परीक्षा, एप्रिल-मेमध्ये बाईंची बारावीची. राहिले जानेवारी आणि फेब्रुवारी. जानेवारीचा शेवटचा आठवडा सोयीचा ठरला, कारण 26 जानेवारीची सुट्टी जोडून रजा कमी लागणार होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला 'पोया' नावाची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसांत आगगाड्यांना गर्दी होते. ती तिथीही त्यांनी पाहून घेतली.

हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी समुद्राचा ऋतू, मग घरातल्यांच्या रजा आणि परीक्षा, त्यानंतर तिकीट. व्यवहारात आपण बहुधा याच्या उलट जातो.

पाठगत प्रश्न

मे महिन्यात मिरिस्सा येथे खोल्या स्वस्त का मिळतात? देवमाशाला पृष्ठभागावर का यावे लागते? आशा डी व्होस यांनी कोणत्या निरीक्षणावरून कोणते अनुमान काढले?

किती रात्री राहावे हा पुढचा प्रश्न. गृहस्थांचा हिशेब दोन रात्रींचा होता: एका संध्याकाळी पोहोचायचे, दुसऱ्या दिवशी बोट, तिसऱ्या दिवशी परत. हिशेब म्हणून तो चोख होता. पण बोटीच्या त्या एकाच सकाळी वारा सुटला तर? बोट निघाली आणि देवमासा दिसलाच नाही तर? शिवाय बडोद्याहून मुंबई, मुंबईहून सुमारे अडीच तासांचे विमान, कोलंबोहून दक्षिणेकडे आगगाडी, असा प्रवास करून आलेल्या माणसाने झोप न होता दुसऱ्या पहाटे बोटीत बसणे म्हणजे बोट लागण्याला आमंत्रणच. अखेर चार रात्री ठरल्या. पहिला पूर्ण दिवस विश्रांतीचा, दुसरा बोटीचा, तिसरा मोकळा. तिसरा दिवस कशासाठी, हे मुद्दामच ठरवले नाही. दुसऱ्या दिवशी देवमासा दिसला, तर तासाभराच्या अंतरावरील गॉल शहराचा जुना किल्ला पाहता येईल. पोर्तुगिजांनी आरंभलेला आणि डचांनी वाढवलेला हा किल्ला 1988 पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. आणि दुसरा दिवस वाया गेला, तर पुन्हा बोट.

रात्री वाढल्या म्हणजे खर्च वाढला. तो भरून कसा काढायचा? येथेच साधा लॉज उपयोगी पडतो. एकूण खर्चात विमानाचा वाटा सर्वांत मोठा आणि तो फारसा हलत नाही. बोटीचे भाडे माणशी द्यावे लागते, तेही ठरलेले. माणसाच्या हाती राहते ती खोली. समुद्राकाठच्या वातानुकूलित हॉटेलात दोन रात्रींना जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात गल्लीतल्या साध्या लॉजमध्ये चार रात्री निघू शकतात. ज्याला देवमासा पाहायचा आहे, त्याने खोली साधी घ्यावी. दिवस कमी करू नयेत.

'लॉज' हा शब्द आपल्याकडे थोडा बदनाम आहे. स्टेशनसमोरचा अंधारा जिना आणि कळकट चादर असे चित्र त्याने डोळ्यांसमोर येते. मिरिस्सामध्ये मात्र अशा जागा बहुधा घरगुती असतात. मालकाचे कुटुंब एका भागात राहते, उरलेल्या चार-सहा खोल्या पाहुण्यांना देते. सकाळची न्याहारी त्याच स्वयंपाकघरातून येते. कोकणात घरगुती निवास असतात, त्यांच्याशी हे चित्र जुळते. तेथे चैनीच्या सोयी नसतात, म्हणून काय आहे आणि काय नाही हे आधी विचारून घेणे अगत्याचे. गॉलहून माताऱ्याला जाणारा मोठा रस्ता गावातूनच जातो. त्या रस्त्यालगतच्या खोलीत रात्रभर गाड्यांचा आवाज येतो. जाहिरातीतील छायाचित्रात रस्ता दिसत नाही.

बाईंनी दोन लॉजना एकच पत्र पाठवले. प्रत्यक्षात ते इंग्रजीतून गेले. पण मजकूर आधी मराठीत लिहून पक्का केला होता. तो असा:

महोदय,
सविनय नमस्कार.
आम्ही चौघे जण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे चार रात्री राहू इच्छितो. माझे पती, मी, चौदा वर्षांचा मुलगा आणि एकोणसत्तर वर्षांच्या सासूबाई. आम्हांला पंखा, मच्छरदाणी आणि जोडून स्नानगृह असलेल्या दोन साध्या खोल्या पुरतील. सासूबाईंना जिना चढता येत नाही, त्यामुळे एक खोली तळमजल्यावर असणे आवश्यक आहे.
पुढील गोष्टी कळवल्यास आम्ही आभारी होऊ. खोल्या मोठ्या रस्त्यालगत आहेत की आत? गरम पाणी मिळते का? बंदर किती दूर आहे आणि पहाटे तेथे जाण्यासाठी रिक्षाची सोय होईल का? बोटीच्या दिवशी न्याहारी बांधून मिळेल का? सासूबाई व मी शाकाहारी आहोत. ताटात सुक्या मासळीची पूड नसेल, अशी व्यवस्था होऊ शकेल का?
आपल्या परिचयाचे बोटवाले देवमाशापासून किती अंतर ठेवतात, हेही कृपया कळवावे. समुद्र खवळल्यामुळे बोट न निघाल्यास पैसे परत मिळतात काय?
कळावे,
आपली विश्वासू

या पत्रातील सुक्या मासळीचा प्रश्न काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु श्रीलंकेच्या स्वयंपाकात 'उंबलकड' नावाची वाळवलेल्या माशाची भुकटी पुष्कळ पदार्थांत घालतात. खोबरे, मिरची आणि लिंबू यांच्या 'पोल सांबोल' या चटणीतही ती बहुधा असते. चटणी दिसते आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखीच! "मांस नको" एवढेच सांगितले तर यजमान प्रामाणिकपणे ती वाढतील आणि त्यात त्यांची चूक असणार नाही. भात, डाळ, फणसाची भाजी, तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, नारळाच्या दुधातली कालवणे यांमुळे शाकाहारी माणसाचे तेथे उत्तम चालते. फक्त नेमके बोलावे लागते.

दोन्ही लॉजची उत्तरे आली. पहिले उत्तर असे होते: "आमच्याकडे सर्व सोयी आहेत. आमच्या स्वतःच्या बोटीतून देवमासा शंभर टक्के दिसणार, अगदी जवळून दिसणार. आजच पैसे भरा, सवलत मिळवा."

दुसरे उत्तर लांब होते आणि त्यात गोड असे फार काही नव्हते. तळमजल्यावर एकच खोली आहे. तिच्या स्नानगृहात गरम पाणी येत नाही, पण स्वयंपाकघरातून बादली आणून देऊ. घर गल्लीत आहे, रस्त्याचा आवाज कमी येतो, मात्र शेजारी कोंबडे आहेत. बंदर रिक्षाने दहा मिनिटांवर. उंबलकड न घालता स्वयंपाक करू. "आमची बोट नाही. ओळखीच्या एका बोटवाल्याकडे आम्ही पाहुणे पाठवतो. तो देवमाशाचा पाठलाग करीत नाही. त्यामुळे त्याच्या बोटीतून कधी कधी लांबूनच दर्शन होते आणि काही पाहुणे नाराज होतात. जानेवारीत समुद्र सहसा शांत असतो. खात्री मात्र देता येत नाही. बोट निघाली नाही तर पैसे परत मिळतात. निघाली आणि देवमासा दिसला नाही, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा विनामूल्य नेतो."

मुलाचा कौल पहिल्या लॉजला होता. "बाबा, ते शंभर टक्के म्हणतायत!" गृहस्थांनाही क्षणभर तसेच वाटले. तीन वर्षांचे पैसे लावायचे आणि 'खात्री देता येत नाही' असे म्हणणाऱ्याकडे जायचे, हे हिशेबनिसाच्या मनाला पटेना.

दोन्ही उत्तरांतील शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिल्यात 'सर्व', 'शंभर टक्के', 'अगदी', 'आजच' हे शब्द आहेत. दुसऱ्यात 'सहसा', 'कधी कधी', 'मात्र', 'पण'. पहिले उत्तर विचारलेल्या एकाही प्रश्नाला भिडत नाही. जिन्याविषयी नाही, पाण्याविषयी नाही, अंतराविषयी नाही. रानटी प्राणी शंभर टक्के दिसेल असे कोणीही सांगू शकत नाही. आणि तसे सांगणाऱ्याला आपला शब्द खरा करण्यासाठी प्राण्याच्या मागे धावावे लागते.

'अगदी जवळून' या शब्दांचा अर्थ तर नीट समजून घ्यायला हवा. निळा देवमासा पृष्ठभागावर येतो, काही मीटर उंच फवाऱ्याने उच्छ्वास सोडतो, काही वेळा श्वास घेतो आणि मग पाठ कमानदार करून खोल बुडी मारतो. येथील देवमासे बुडी मारताना पुष्कळदा शेपटी पाण्याबाहेर उचलतात. सारी बोट ज्याची वाट पाहत असते, तो हा क्षण. पुढे दहा-पंधरा मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ तो खालीच असतो. वर राहण्याचा तेवढा अवधी त्याला श्वासासाठी हवा असतो. त्याच वेळी चार बाजूंनी चार बोटी त्याच्यावर धावून गेल्या, तर तो पुरता श्वास न घेताच बुडतो, दिशा बदलतो, चरणे सोडतो. म्हणूनच श्रीलंकेतील नियमांप्रमाणे बोटींनी देवमाशापासून 100 मीटर अंतर राखावयाचे असते. नियम आहे, परंतु बोटीतले पाहुणेच "आणखी जवळ घ्या" म्हणून ओरडू लागले तर तो कोण पाळणार?

बोटी हे काही देवमाशांवरचे सर्वांत मोठे संकट नव्हे. दोंद्रा टोकाच्या दक्षिणेने जगातील अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग जातो. प्रचंड मालवाहू जहाजांची धडक बसून येथे देवमासे मरतात. 2022 मध्ये एका मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे या भागापासून अधिक दक्षिणेकडून नेण्यास आरंभ केला. त्या जहाजांपुढे पर्यटकाचे काही चालत नाही. आपण कोणत्या बोटीत बसायचे, एवढे मात्र त्याच्या हाती असते.

गृहस्थ बराच वेळ दोन्ही पत्रे पाहत होते. मग म्हणाले, "या दुसऱ्याने नाराज पाहुण्यांबद्दल स्वतःहून लिहिलंय. आपण विचारलंही नव्हतं." दुसऱ्या लॉजला होकार गेला. मुलगा थोडा हिरमुसला. "लांबून दिसला तर?" त्याने विचारले. त्यासाठी शेजाऱ्यांकडून दुर्बीण आणायचे ठरले.

पाठगत प्रश्न

पहिल्या लॉजच्या उत्तरात कोणत्या प्रश्नांची उत्तरे नाहीत? 'अगदी जवळून' हे आश्वासन देवमाशाच्या दृष्टीने अपायकारक का आहे? दुसऱ्या लॉजचे उत्तर गृहस्थांना विश्वासार्ह का वाटले?

उरलेल्या तयारीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, हे पाहणे. व्हिसाचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच ते तपासणे. घड्याळ न बदलणे, कारण दोन्ही देशांची वेळ एकच आहे. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्याव्या लागतात. ओकारी आल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. पोट अगदी रिकामे नसावे, तुडुंब भरलेलेही नसावे, नजर क्षितिजावर ठेवावी. जीवरक्षक जाकीट बोटीत बसताच अंगात घालावे.

कोलंबो फोर्ट स्थानकाहून निघणारी आगगाडी काही ठिकाणी समुद्राच्या इतकी जवळून जाते, की खिडकीतून लाटेचा तुषार येईल असे वाटते. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. म्हणून उजवीकडची खिडकी धरावी. हिक्कडुवाजवळ पेरलिया येथे 2004 च्या त्सुनामीने याच मार्गावरची एक भरलेली गाडी उचलून फेकली. त्यात हजाराहून अधिक माणसे दगावली. तेथे स्मारक आहे. मिरिस्साचे स्थानक लहान, सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. वेलिगमला उतरून रिक्षा करणे सोयीचे.

सर्व ठरल्यावर आजींनी आपला निर्णय सांगितला. "मी काही बोटीत बसायची नाही. चार-पाच तास माझे गुडघे ऐकायचे नाहीत." बाई ओशाळल्या. "आई, मग तुम्ही तिथे एकट्या काय करणार? आधी बोलला असतात तर..." "तर तुम्ही बेतच मोडला असता," आजी म्हणाल्या. "मला सावलीत एक खुर्ची मिळेल का, तेवढं विचार. परत आलात की मला सगळं सांगायचं. तुझी ती भुकटी न घातलेली चटणी कशी करतात, ते मी तोवर बघून ठेवीन."

बाईंनी लॉजला आणखी एक पत्र लिहिले. बोटीसाठी चौघांऐवजी तिघांच्या जागा राखाव्यात, आणि सासूबाई त्या सकाळी घरीच असतील. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: व्हरांड्यात खुर्ची आहे, आमची आईही तिथेच बसते, तिला इंग्रजी येत नाही. ते वाचून आजी हसल्या. "मला तरी कुठे येतं!"

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बाईंनी चार चौकोनांभोवती रेघ ओढली. पहिल्यात 'विश्रांती' लिहिले, दुसऱ्यात 'बोट'. तिसरा कोरा ठेवला.

शब्दार्थ

अगत्याचे – आवश्यक. अनुमान – खुणांवरून काढलेला निष्कर्ष. अरिष्ट – संकट. ओशाळणे – संकोचणे, शरमिंदे होणे. पारपत्र – पासपोर्ट. पुंजी – साठवलेले धन. भिशी – काही जणांनी मिळून ठरावीक रक्कम जमवण्याची घरगुती पद्धत. हिरमुसणे – मन खट्टू होणे.

स्वाध्याय

1. 'सहसा', 'बहुधा', 'कधी कधी', 'हमखास', 'नक्की' या शब्दांपैकी खात्री दाखवणारे शब्द कोणते व शक्यता दाखवणारे कोणते, ते सांगा. प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

2. तुमच्या राज्यात विशिष्ट ऋतूतच दिसणारा एखादा पक्षी वा प्राणी निवडा. तो पाहण्यासाठी जाताना कोणत्या महिन्याची निवड कराल व का, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.

3. तुमच्या घरातील एखाद्या वृद्ध किंवा आजारी व्यक्तीला सोबत घेऊन प्रवासाला जायचे आहे, असे समजून निवासाच्या चौकशीचे पत्र लिहा. पत्रात निदान चार नेमके प्रश्न असावेत.

4. वर्तमानपत्रातील प्रवासाची एक जाहिरात कापून वहीत चिकटवा. तिच्यात कोणती माहिती दिलेली नाही, ते शोधून लिहा.